आपल्याच लेखाचा दुवा टाकताना

हॅकर न्यूज, रेडिट किंवा लॉबस्टर्ससारख्या संकेतस्थळांवर सदस्य दुवे टाकतात आणि वाचक मते देऊन त्यांचा क्रम ठरवतात; स्वतः लिहिलेल्या लेखाचा दुवा अशा ठिकाणी स्वतःच नेऊन टाकावा की टाकू नये, हा प्रश्न ब्लॉग लिहिणाऱ्या प्रत्येकाला कधी ना कधी पडतो. माझे उत्तर आधीच सांगून टाकते: टाकावा, आणि संकोच न बाळगता टाकावा. लेखक नवखा असेल आणि त्याला कोणी ओळखत नसेल, तर त्याच्या लेखाची पहिली वार्ता देणारा माणूस बहुधा तो स्वतःच असणार, आणि त्यात लाजण्यासारखे काही नाही. मात्र दुवा टाकल्यानंतर एक गोष्ट कटाक्षाने टाळावी, ती म्हणजे ओळखीच्या माणसांकडे मते मागणे. प्रत्यक्षात होते ते बरेचदा उलटे. आपला दुवा टाकायला लोक कचरतात, आणि एकदा तो टाकला की व्हॉट्सअ‍ॅपच्या गटात 'जरा अपव्होट करा', म्हणजे पसंतीचे मत द्या, असा निरोप मात्र बिनदिक्कत पाठवतात. या दोन्हींपैकी दुसरी गोष्ट कितीतरी अधिक गंभीर आहे असे मला वाटते.

याचे कारण ही स्थळे चालतात कशी यात आहे. हॅकर न्यूजवरील क्रमवारीचे जे सूत्र सर्वांना ठाऊक आहे, त्यात दुव्याच्या गुणांतून, म्हणजे मिळालेल्या मतांतून, टाकणाऱ्याचा स्वतःचा एक गुण वजा करतात, दुव्याच्या तासांतील वयात २ मिळवतात, त्या बेरजेचा १.८ वा घात घेतात आणि त्याने उरलेल्या गुणांना भागतात. वाचायला हे रुक्ष वाटते, पण हिशेब मांडला की त्याचा अर्थ लगेच कळतो: तासाभरापूर्वी टाकलेल्या दुव्याला जे स्थान इतरांच्या ४ मतांवर मिळते, ते स्थान पाच तासांपूर्वीच्या दुव्याला इतरांच्या सुमारे १८ मतांवर मिळते. रेडिटचा कोड खुला होता त्या काळातील 'हॉट' क्रमवारीत मतांचा लॉगॅरिदम घेतला जात असे, त्यामुळे पहिल्या १० मतांनी दुवा जितका वर सरके, तितकाच पुढे सरकायला आणखी ९० मते लागत. सूत्रे वेगळी असली तरी दोन्हींचा परिणाम एकच. सुरुवातीच्या अर्ध्याएक तासात पडलेली मोजकी मते लेखाचे भवितव्य ठरवतात, आणि नेमकी तीच मते मित्रमंडळींकडून गोळा करणे सर्वांत सोपे असते.

म्हणूनच हॅकर न्यूजच्या मार्गदर्शक सूचनांत मते, प्रतिसाद किंवा दुवे टाकण्याची विनंती इतरांना करू नये असे स्पष्ट लिहिले आहे, आणि रेडिटवर मतांशी केलेली लबाडी हे खाते बंद होण्याचे कारण ठरू शकते. पकडले जाऊ ही भीती हे एक कारण झाले. माझ्या दृष्टीने त्याहून मोठे कारण वेगळे आहे. स्वतःचेच दुवे एकामागून एक टाकणारा माणूस इतरांना त्रास देतो, पण तो त्रास उघड असतो. त्याचे नाव दिसते, त्याच्याकडे दुर्लक्ष करता येते, स्थळाची देखरेख करणाऱ्या मॉडरेटरला कळवता येते. विनंती करून मिळवलेले मत कोणालाच तसे ओळखू येत नाही. ते अनोळखी वाचकाच्या पसंतीचे रूप घेऊन येते, वाचणाऱ्यांची दिशाभूल करते, आणि ज्या लेखकाला असे पाच मित्र नाहीत त्याचा कदाचित अधिक चांगला असलेला लेख खाली ढकलते. त्या लेखकाला आपले काय हुकले हे कधी समजतही नाही. अनोळखी माणसाने, कोणाच्याही भिडेला न पडता, वाचून दिलेले मत हीच या स्थळांची सगळी पुंजी आहे.

मित्रांना लेख मुळीच दाखवू नये असे याचा अर्थ काढण्याचे कारण नाही. त्यांना लेखाचा थेट दुवा पाठवावा. त्या स्थळावरील चर्चेच्या पानाचा पाठवू नये. ज्यांना लेख आवडेल ते तो वाचतील, त्यावर तुमच्याशी बोलतील, आणि त्यांपैकी कोणी त्या स्थळाचा नेहमीचा वाचक असेल तर त्याला तो तिथे आपसूकच सापडेल. 'तुला योग्य वाटले तरच मत दे' अशी पुस्ती जोडून चर्चेचा दुवा पाठवणे मला तरी पटत नाही, कारण मैत्रीत अशा वाक्याचा अर्थ काय घेतला जातो हे दोघांनाही ठाऊक असते.

आपलेच दुवे किती प्रमाणात टाकावेत, याबाबत प्रत्येक ठिकाणची रीत वेगळी आहे आणि ती आधी वाचून घ्यायला हवी. १९९९ साली सुरू झालेल्या मेटाफिल्टरवर मुख्य पानावर स्वतःच्या कामाचा दुवा टाकायला सक्त मनाई आहे. तसे करणाऱ्याचे खाते बंद होते. पण त्याच स्थळाने 'प्रोजेक्ट्स' नावाचा एक स्वतंत्र विभाग ठेवला आहे, जिथे सदस्य आपले काम मांडतात, आणि दुसऱ्या एखाद्या सदस्याला ते आवडले तर तो ते मुख्य पानावर नेऊ शकतो. मला ही व्यवस्था फार विचारपूर्वक केलेली वाटते: लेखकाला दार बंद नाही, फक्त आत नेणारा हात दुसऱ्याचा असावा लागतो. २०१२ साली सुरू झालेल्या लॉबस्टर्सचा ढोबळ नियम असा, की एखाद्या सदस्याने टाकलेले दुवे आणि प्रतिसाद यांत स्वतःच्या कामाचा प्रचार एक चतुर्थांशाहून कमी असावा. रेडिटवर बराच काळ नवास एक असे प्रमाण सांगितले जाई, म्हणजे इतरांच्या नऊ गोष्टींमागे स्वतःची एक, आणि तिथले कितीतरी गट आजही तेच पाळतात. हॅकर न्यूज आकडा सांगत नाही. स्वतःचे लेखन अधूनमधून टाकायला हरकत नाही, पण प्रचार हा तिथे येण्याचा मुख्य हेतू नसावा, एवढेच म्हणते.

आकड्यांकडे मी हिशेबाची वही म्हणून पाहत नाही. स्वतःचा एक दुवा टाकता यावा म्हणून घाईघाईने नऊ परके दुवे टाकून मोकळे होणारे लोक दिसतात, आणि ते नऊ दुवे न वाचताच उचललेले आहेत हे वाचणाऱ्याच्या लगेच लक्षात येते. या प्रमाणांमागची अपेक्षा साधी आहे: तुम्ही त्या ठिकाणी वाचक म्हणून वावरत असावे, दुसऱ्याचे चांगले लेखन सापडले की ते आणून ठेवण्यात तुम्हाला आनंद वाटत असावा, आणि त्या ओघात कधीतरी तुमचेही लेखन यावे. असा माणूस प्रमाण मोजत बसत नाही, कारण ते आपोआपच पाळले जाते.

वाचकांपेक्षा प्रकाशकांचा वावर वाढला की काय होते, याचे उदाहरण डिग या स्थळाने घालून दिले आहे. २००४ साली सुरू झालेले हे स्थळ काही वर्षांतच फार मोठे झाले. ऑगस्ट २०१० मध्ये त्याची चौथी आवृत्ती आली, आणि तिच्यात प्रकाशकांना आपल्या फीडमधून, म्हणजे नव्या लेखांच्या यादीतून, ते लेख आपोआप टाकण्याची सोय मिळाली. नको असलेला दुवा खाली दाबण्याचे 'बरी' बटण मात्र काढून टाकले गेले. वाचकांनी शोधून आणलेल्या वेगळ्या गोष्टींची जागा मोठ्या प्रकाशनांच्या मजकुराने घेतली. चिडलेल्या सदस्यांनी डिगचे पहिले पान रेडिटच्या दुव्यांनी भरून टाकले आणि त्यांतले पुष्कळ जण कायमचे तिकडे निघून गेले. २०१२ साली डिग तुकड्यातुकड्यांनी विकले गेले. त्या पडझडीला इतरही कारणे होती, पण जिथे प्रत्येक जण आपलीच टिमकी वाजवतो तिथे ऐकायला कोणी थांबत नाही, हे त्या वेळी सर्वांना दिसले.

आता प्रत्यक्ष दुवा टाकण्याविषयी. हॅकर न्यूजच्या नव्या दुव्यांच्या पानावर एका वेळी ३० ओळी असतात. प्रत्येक ओळीत मथळा, त्याच्या शेजारी कंसात संकेतस्थळाचे नाव, आणि खाली बारीक अक्षरात गुण, टाकणाऱ्याचे नाव व किती मिनिटे झाली ते. चित्र नाही, सारांश नाही. त्या कंसातील नावावर टिचकी मारली की त्या संकेतस्थळावरून आजवर आलेले सगळे दुवे समोर येतात, आणि सदस्याच्या नावावरून त्याने टाकलेले सगळे दुवे पाहता येतात. ज्याचे दोन्हीकडे तेच ते दुवे आढळतात, त्याच्या नव्या लेखाकडे कोणत्या नजरेने पाहिले जाईल हे निराळे सांगायला नको. या पानावर येऊन चाळणी लावणारे वाचक संख्येने थोडे असतात, ते कोणताही मोबदला न घेता हे काम करतात, आणि पहिले पान वाचनीय राहते ते त्यांच्यामुळे. आपला दुवा टाकताना आपण सर्वांत आधी त्यांचा वेळ मागत असतो, याचे भान मला सगळ्या नियमांपेक्षा महत्त्वाचे वाटते.

त्यामुळे मथळा लेखाचा आहे तोच द्यावा. त्यात 'थक्क करणारे', 'प्रत्येकाने वाचावे असे' ही विशेषणे घालू नयेत, मोठ्या अक्षरांचा आणि उद्गारचिन्हांचा मारा करू नये. लेखाचाच मथळा भडक असेल तर दुवा टाकण्याआधी तो लेखातच बदलावा. दुवा स्वच्छ असावा: वाचक कुठून आला हे मोजण्यासाठी मागे जोडलेली शेपटे काढून टाकावीत, आणि लघुदुवे वापरू नयेत, कारण आपण कुठे जात आहोत हे वाचकाला आधी कळायला हवे. दुसऱ्याच्या संशोधनाचा किंवा बातमीचा केवळ सारांश आपल्या ब्लॉगवर लिहिला असेल तर मूळ लेखाचाच दुवा द्यावा. आपण त्यात स्वतःची काही भर घातली असेल तरच आपला. आणि पान उघडल्याबरोबर वर्गणीची चौकट वाचकाच्या तोंडावर येत असेल, तर तेवढ्यापुरती का होईना ती बंद ठेवावी.

लेखक आपणच आहोत हे लपवू नये. लॉबस्टर्सवर दुवा टाकतानाच 'याचा लेखक मी आहे' अशी खूण करण्याची सोय आहे, आणि ती इतरांना दिसते. जिथे अशी सोय नाही तिथे पहिला प्रतिसाद आपण लिहावा. तो छोटा असावा: 'हा लेख माझा आहे. जुना डेटाबेस नव्यात हलवताना तारखांच्या नोंदींनी जो गोंधळ घातला, त्याची कारणे शोधून लिहिली आहेत. शेवटच्या भागातील उपायाबद्दल मला अजून शंका आहे. कोणी दुसरा मार्ग वापरला असेल तर वाचायला आवडेल.' अशा प्रतिसादाने तीन गोष्टी होतात. लेखकाशी बोलता येईल हे कळते, लेख कशाबद्दल आहे हे न उघडता कळते, आणि जाणकाराला बोलायला जागा मिळते. दुसऱ्या खात्यातून येऊन 'हा एक छान लेख सापडला' असे लिहिणे ही मात्र निव्वळ फसवणूक आहे, आणि ती उघडकीस आली की लेखातील खऱ्या गोष्टींवरही कोणी विश्वास ठेवत नाही.

दुवा टाकून निघून जाऊ नये. पुढचे काही तास मोकळे असतील अशाच वेळी तो टाकावा, कारण लेख वर आला तर प्रश्न पटापट येतात आणि त्यांची उत्तरे देणारा माणूस एकच असतो. लेख फार वर गेला तर ब्लॉग कोसळण्याचीही शक्यता असते. स्लॅशडॉट या जुन्या तंत्रज्ञान-बातम्यांच्या स्थळाच्या काळापासून या प्रकाराला 'स्लॅशडॉट इफेक्ट' असे नाव मिळालेले आहे, म्हणून पानाची आधीच तयार करून ठेवलेली (कॅश केलेली) प्रत वाचकाला मिळेल अशी तजवीज आधी करून ठेवलेली बरी. टीका होणारच, आणि तिथली टीका कधीकधी फार कोरडी असते. चूक दाखवली गेली तर लेख दुरुस्त करावा, काय बदलले ते लेखाच्या तळाशी नोंदवावे आणि ज्याने दाखवले त्याला त्याच चर्चेत तसे सांगावे. मुद्दा पटला नाही तर एकदा नीट उत्तर द्यावे. प्रत्येक प्रतिसादाखाली हजर राहून स्वतःचा बचाव करत बसले की चर्चा लेखाची न राहता लेखकाची होते.

दुसऱ्यांच्या चर्चेत आपला दुवा देणे हा यातला सर्वांत अवघड भाग आहे. कोणी प्रश्न विचारला आणि त्यावर आपण पूर्वी लिहिलेले असले, तर दुवा द्यावा असे वाटणे स्वाभाविक आहे. माझी रीत अशी, की उत्तर आधी तिथेच, दुवा न उघडता समजेल इतके पूर्ण लिहायचे, आणि मग ज्याला तपशील हवा त्याच्यासाठी शेवटी दुवा, तोही 'माझ्या लेखात' असे स्पष्ट म्हणून. दुवा काढून टाकला तरी प्रतिसाद उपयोगी राहत असेल, तर तो ठेवायला काहीच हरकत नाही.

आणि लेखाकडे कोणी ढुंकूनही पाहिले नाही तर? हे बहुतेक दुव्यांचे होते, चांगल्या लेखांच्या दुव्यांचेही. तो दुवा पुसून लगेच पुन्हा टाकू नये. हॅकर न्यूजने हे करू नका असे स्वतंत्रपणे सांगितले आहे, कारण पुसण्याची सोय चुकून टाकलेल्या गोष्टींसाठी आहे. ज्या लेखाकडे गेल्या सुमारे वर्षभरात फारसे लक्ष गेलेले नाही, तो काही काळाने एखाददुसऱ्या वेळी पुन्हा टाकायला तिथे परवानगी आहे. शिवाय मॉडरेटर आणि काही वाचक मिळून दुर्लक्षित राहिलेले चांगले दुवे निवडतात आणि त्यांना पहिल्या पानावर दुसरी संधी देतात. मधल्या काळात लेख पुन्हा वाचावा, मथळा आणि पहिला परिच्छेद सुधारावा, आणि मग एखाद्या शांत दिवशी तो पुन्हा तिथे ठेवावा.