मुलांच्या नाचासाठी गाणे निवडताना
गणेशोत्सवासाठी बडोद्यातल्या दांडिया बाजार या वस्तीत पाच-सहा वर्षांच्या मुलांचा नाच बसवायचा म्हटले, की पालक हटकून नुकतेच गाजलेले सिनेगीत सुचवतात. त्याची लय मात्र इतकी द्रुत असते, की मुले पावले टाकायची सोडून एकमेकांकडे बघत राहतात. माझी पसंती ‘देवबाप्पा’ (१९५३) या चित्रपटातल्या ‘नाच रे मोरा’ला आहे, कारण त्याचे ध्रुवपद पुन्हापुन्हा येते आणि ढग, वारा, पाऊस हे सारे नुसत्या हातांनी दाखवता येते. बडोद्याच्या मुलांना गरब्यातली टाळी आणि गिरकी अंगवळणी पडलेली असतेच. ती ध्रुवपदावर घातली, की निम्मे काम होते. (पाठीला मोरपिसे बांधण्याचा हट्ट आयांनी सोडावा, ती पहिल्याच गिरकीत सुटतात.) कडवी दोनच ठेवावीत.