जज्जांचा पगार कोण पुकारतं?

माझे निफाडचे एक अशील तारखेला आले की चहा पिता पिता हमखास विचारतात, "वकीलसाहेब, कांद्याचा भाव लासलगावला आमच्या डोळ्यांदेखत पुकारतात. जज्जसाहेबांचा पगार कोण पुकारतं?" तुम्ही बऱ्याच जणांनीही तेच विचारलंत, म्हणून लिहितो.

उच्च न्यायालयाचं सोपं आहे. तिथला पगार संसद कायद्याने ठरवते. मूळ वेतन ८०,००० होतं, २०१८च्या दुरुस्तीने ते २,२५,००० झालं, तेही १ जानेवारी २०१६पासून. घोळ आहे तो आमच्या नाशिकच्या सीबीएस बसस्थानकाजवळच्या जिल्हा कोर्टातल्या न्यायाधीशांचा. त्यांचा पगार राज्याच्या तिजोरीतून, आणि राज्य सरकार तर आमच्या बोर्डावरचं, म्हणजे दिवसाच्या खटल्यांच्या यादीतलं, रोजचं पक्षकार.

याच अशिलांचं घ्या. जमीन सरकारने घेतली, वाढीव मोबदल्याचा निकाल लागला, पैसे काही येईनात. दरखास्त, म्हणजे निकालाच्या अंमलबजावणीचा अर्ज लावला, जप्तीचं वॉरंट निघालं. बेलिफाबरोबर मीही त्या सरकारी कचेरीत गेलो. साहेबांची खुर्ची, दोन कपाटं, एक प्रिंटर... बेलिफ गुडघ्यावर कागद ठेवून यादी करत होता आणि साहेब उभे. "आठ दिवस द्या हो!" त्या वॉरंटवर सही करणारे न्यायाधीश जेमतेम पस्तिशीचे. त्यांच्या पगारवाढीची फाइल याच सरकारच्या टेबलांवर फिरणार असेल, तर उद्या तशी सही करताना पेन जरा अडखळणार नाही का?

न्यायाधीश हे सरकारी नोकर नव्हेत, त्यांची तुलना मंत्री-आमदारांशी करा, प्रशासकीय अधिकाऱ्यांशी नको, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९३ मध्येच सांगितलं. तरी न्यायाधीशांच्या संघटनेच्या याचिकेवर दुसरा न्यायिक वेतन आयोग २०१७ मध्ये नेमला गेला, अहवाल २०२० मध्ये आला, सर्वोच्च न्यायालयाचा वेतनश्रेणीचा आदेश २०२२ मध्ये आणि भत्त्यांचा २०२४ मध्ये. म्हणजे जज्जांच्या पगारासाठी जज्जांच्याच संघटनेने जज्जांपुढे दाद मागायची. लोक हसतात, आणि बरोबरच हसतात.

त्या आयोगाने हिशेब मात्र छान केला. उच्च न्यायालयाचं वेतन साधारण २.८१ पट झालं, म्हणून कनिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीशाचं, म्हणजे सगळ्यात खालच्या पायरीवरच्या जज्जाचं, सुरुवातीचं २७,७००ही तितक्याच पटीने ७७,८४० केलं. माझं म्हणणं एवढंच की हे प्रमाण कायद्यातच कायमचं घाला. वर वाढलं की त्याच तारखेपासून खालीही वाढेल. ना आयोग, ना याचिका.

काही वकीलमित्र म्हणतात, पगार बड्या वकिलांच्या कमाईशी जोडा. ते काही जमायचं नाही. त्यासाठी आधी आमची खरी कमाई सांगावी लागेल.