कुजबुजीतला ‘ग’

शाळेच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त लिहायला बसलो आणि पहिल्यांदा आठवला तो बोरी नदीकाठच्या आमच्या आठवीच्या वर्गातला शुद्धलेखनाचा तास. कापूस वेचणीचे दिवस होते. मराठीच्या गुरुजींचा घसा पार बसला होता, तरीही तास बुडू नये म्हणून त्यांनी शब्द कुजबुजत सांगितले. वह्या तपासल्या तेव्हा अनेकांनी ‘गाडी’ची ‘काडी’ आणि ‘दार’चे ‘तार’ केले होते. आम्ही छडीच्या भीतीने मान खाली घालून बसलो असताना गुरुजींनी फळ्यावर लिहिले, “चूक माझ्या घशाची आहे.”

आवाज परत आल्यावर त्यांनी आम्हांला कंठमण्यावर बोट ठेवून आधी ‘स’ आणि मग ‘झ’ लांबवायला सांगितले. ‘झ’ म्हणताना बोटाखाली थरथर जाणवे, ‘स’ म्हणताना नसे; आणि तोच ‘झ’ कुजबुजून म्हटला की थरथर नाहीशी होऊन कानाला जवळजवळ ‘स’च ऐकू येई. वेदांच्या उच्चारांचे नियम सांगणाऱ्या प्राचीन प्रातिशाख्यकारांनी घोष, म्हणजे थरथर असलेल्या ‘ग’, ‘द’सारख्या वर्णांचे मूळ नादात आणि अघोष, म्हणजे थरथर नसलेल्या ‘क’, ‘त’सारख्या वर्णांचे श्वासात सांगितले आहे, हे मी त्या दिवशी प्रथम ऐकले. कुजबुजताना स्वरतंतू कंप पावत नाहीत, त्यांच्यामधल्या अरुंद फटीतून हवा घासत जाते, म्हणजे नाद जातो आणि श्वास उरतो. स्वर मात्र ओळखू येतात, कारण जीभ आणि ओठ तोंडाला जो आकार देतात तो त्या घासणाऱ्या हवेलाही मिळतो. म्हणूनच कुजबुजलेला ‘ई’ उंच आणि ‘ऊ’ खोल वाटतो, जरी त्यांत खरा सूर नसतो.

आम्ही बहुतेक अहिराणी बोलणाऱ्या घरांतली मुले. गुरुजींनी आमचाच शब्द घेतला आणि ‘उना.’ व ‘उना?’ हे दोन्ही कुजबुजून म्हटले. ‘आला’ म्हणून सांगितले की ‘आला का’ म्हणून विचारले, हे आम्हांला खात्रीने सांगता येईना, कारण प्रश्नाचा चढता सूर हा स्वरतंतूंच्या कंपांच्या वेगावरच उभा असतो.

एक गोष्ट मात्र त्यांना उलगडली नव्हती, आणि ती त्यांनी मोकळेपणाने वर्गासमोर मांडली: ‘नाक’ आणि ‘नाग’ एकाही वहीत चुकले नव्हते. पुढे पुण्याला डेक्कन कॉलेजात भाषाविज्ञान शिकताना ध्वनिआलेख, म्हणजे यंत्राने काढलेली उच्चारांची चित्रे, पाहिले आणि त्याचे कारण सापडले. कुजबुजलेल्या शब्दाच्या आलेखात घोषाचा तळाचा काळा पट्टा नव्हता, पण ‘नाग’मधला ‘आ’ ‘नाक’मधल्या ‘आ’पेक्षा लांब होता आणि ‘ग’साठी हवा अडवण्याचा काळ ‘क’पेक्षा थोडका होता. शब्दाच्या आरंभी येणाऱ्या ‘ग’ला आधीच्या स्वराची अशी साथ नसते.

हे मी गुरुजींना पोस्टकार्डाने कळवले. उलट टपाली त्यांनी विचारले, की मग मी ‘गाडी’ऐवजी ‘ही गाडी’ म्हटले असते, तर तुम्ही ती बरोबर लिहिली असती का? दिवाळीच्या सुट्टीत त्यांच्या ओट्यावर बसून, आळीतली चार पोरे वही-पेन्सिल देऊन समोर बसवून, आम्ही ते करून पाहिले.