टो वायर तुटते कुठे?

रेस्क्यू टगची, म्हणजे अडचणीतलं जहाज ओढून नेणाऱ्या बोटीची, चर्चा निघाली की सगळे आधी हॉर्सपॉवर विचारतात. माझ्या मते आधी टो वायरचं, म्हणजे ज्याने जहाज ओढतात त्या तारेच्या दोराचं, विचारावं.

१६ मार्च १९७८ला फ्रान्सच्या ब्रिटनी किनाऱ्यासमोर ‘अमोको काडिझ’ टँकरचं सुकाणू सकाळीच निकामी झालं. ‘पॅसिफिक’ टगने जहाज ओढायला (टो) घेतलं, दुपारी टो तुटला आणि रात्री जहाज खडकावर चढलं. सुमारे २ लाख २० हजार टन तेल समुद्रात गेलं. त्यानंतर फ्रान्सने ब्रेस्टला मोठी टग कायम तैनात ठेवायला सुरुवात केली. २००५मध्ये तिथे आलेल्या ‘आबेय बुर्बों’चा बोलार्ड पुल (टगची ओढण्याची ताकद) २०० टनांचा.

पण आधी वायर जहाजावर चढायला हवी. लाइन थ्रोअरने (दोरी लांब फेकणाऱ्या यंत्राने) बारीक दोरी फेकतात, तिच्यामागून मेसेंजर (मधली जाड दोरी), त्याच्यामागून वायर. ६४ मिलिमीटरची वायर मीटरला १६ किलोच्या आसपास भरते. नुसती वीस मीटर लोंबली तरी तीनशे किलोंवर. जहाजाची वीज गेली असेल तर विंडलास (जहाजाचं नांगर-दोर ओढायचं यंत्र) बंद, आणि हे वजन हाताने ओढणं अशक्य. मग मेसेंजर जहाजावरच्या रोलरवरून फिरवून परत टगवर घेतात आणि टगच्याच विंचने वायर वर चढवतात. वरच्या खलाशांनी शेवटी वायरच्या टोकाची चेन स्मिट ब्रॅकेटमध्ये (डेकवरच्या चेन अडकवायच्या पकडीत) बसवून पिन लावायची. २०,००० टन आणि त्यावरच्या टँकरवर टोची सोय सक्तीची आहे. मागच्या बाजूची पंधरा मिनिटांत तयार झालीच पाहिजे.

वायर बहुतेकदा घासून जाते. जहाजाच्या फेअरलीडमध्ये (दोर बाहेर काढायच्या कडेवरच्या भोकात) म्हणूनच चेन असते. टगच्या मागच्या कडेवर मात्र वायरच टेकते. तिथे ग्रीस लावायचं आणि दर वॉचला (पाळीला) दोन-तीन मीटर सोडून घासणारी जागा बदलायची. खोल समुद्रात सात-आठशे मीटर वायर सोडली की तिचा झोळ लाटांचे हिसके पोटात घेतो. किनाऱ्याजवळ तोच झोळ तळाला घासतो, म्हणून वायर आखडावी लागते, आणि मग प्रत्येक हिसका थेट वायरवर बसतो.

जून २०११मध्ये अलंगला भंगारात निघालेलं ‘विस्डम’ जहाज भर पावसाळ्यात टो तुटून जुहूच्या वाळूत येऊन रुतलं. अशा जहाजावर दुसरी वायर लावायला माणूसच नसतो. त्यामुळे निघतानाच एक जादा टो वायर जहाजाच्या कडेने हलकी बांधून ठेवायची आणि तिची तरंगती दोरी, टोकाला बोया लावून, मागे सोडायची. टो तुटला तर टगने ती दोरी उचलून ओढायची. बांधणी सुटत जाते आणि वायर हाती येते.