रत्नागिरीकराची यांगोन-बगान खाऊवारी

थिबा पॅलेस बघतच मोठा झालो, त्यामुळे ज्या राजाला इंग्रजांनी १८८५ साली गादीवरून काढलं आणि पुढे आमच्या रत्नागिरीत आणून ठेवलं त्याचा देश, म्हणजे ब्रह्मदेश, आताचा म्यानमार, एकदा बघायचाच होता. २०१९ च्या एप्रिलमध्ये योग आला, बँकॉकमार्गे यांगोनला पोचलो आणि नेमका तिंजान चालू, म्हणजे त्यांच्या नववर्षाआधीचा पाण्याचा सण.

गल्लीच्या तोंडाशी मोठी कढई, बायका-पोरं सगळी मिळून चिकट तांदळाच्या पिठात गुळाचा खडा घालून गोळे वळतायत आणि उकळत्या पाण्यात सोडतायत. गोळा आधी तळाला जातो, शिजला की वर येतो, म्हणून नावच मों-लों-ये-पो, पाण्यावर तरंगणारा गोळा. झाऱ्याने काढून केळीच्या पानावर, वरून ओलं खोबरं, आणि येईल त्याला फुकट वाटप. मोदकाचंच सामान, फक्त खोबरं आत न जाता बाहेर राहिलेलं. पहिला घास घाईत घेऊ नका हां, आतला गूळ पातळ होऊन कडकडीत तापलेला असतो, माझी जीभ दोन दिवस हुळहुळत होती. आणि काही गोळ्यांत गुळाऐवजी मिरची भरतात, ती कुणाला येते हे बघायला सगळे टपलेले असतात. मला आली, आणि त्या क्षणापासून मी त्यांच्यातलाच झालो, हातात पीठ देऊन वळायलाच बसवलं.

उन्हात फिरून आलात की श्वे-यिन-ए घ्या. नारळाचं दूध, साबुदाणा, चायना ग्रास, हिरव्या शेवया, चिकट भात आणि वर चक्क पावाची स्लाइस. पाव दुधात भिजू द्यायचा, मग खायचा. बर्फ मात्र गर्दीच्या ठिकाणीच, पोट नाजूक असेल तर नकोच म्हणा.

पण माझा जीव अडकला तो सनविन-मकिनमध्ये. रवा, नारळाचं दूध, वर खसखस, आणि वर-खाली निखारे ठेवून भाजलेला. आमची आजी तवसळी अशीच करायची, झाकणावर निखारे ठेवून, त्यामुळे कडेचा खरपूस तुकडा तोंडात गेला आणि मी तिथेच स्टुलावर बसून राहिलो. दुसरा घेतला, मग तिसरा. केळीच्या पानात वाफवलेला मों-फेत-थोक पण सोडू नका, आपल्या पातोळ्यांची बहीणच.

जुन्या देवळांच्या बगानहून पोपा डोंगराकडे जाताना ताडाच्या झाडांखाली गाडी थांबवायला सांगा. ताडाचा रस मोठ्या कढयांत आटवून ताडगूळ करतात, त्याला थान्येत म्हणतात, जेवणानंतर एक खडा आणि बिनदुधाचा चहा. घरी आणायला सगळ्यात सोयीचं हेच, सांडत नाही, लवकर खराब होत नाही.

आता कामाचं. डॉलर कोऱ्या नोटांचेच न्या, घडी पडलेली नोट मला परत मिळाली. रस्त्यावर क्याटच्या, म्हणजे तिथल्या चलनाच्या, सुट्ट्या नोटा लागतात. गोड पदार्थ सकाळी शोधा, दुपारपर्यंत चांगले संपलेले असतात. तिंजानला दुकानं बंद आणि बसेस फुल, तिकिटं आधीच काढा, मोबाइल प्लास्टिकच्या पिशवीत. शाकाहारी असाल तर थेत-थत-लुत एवढा शब्द पाठ करा, जेवणात फिश सॉस कुठेही असतो.

आणि हे सगळं २०१९ चं आहे. २०२१ मध्ये लष्कराने सत्ता घेतली, मार्च २०२५ मध्ये मोठा भूकंप झाला, मंडालेकडे खूप नुकसान झालं. तिकीट काढायच्या आधी आपल्या परराष्ट्र मंत्रालयाच्या सूचना वाचा आणि कुठल्या भागात जाता येतं ते विचारून घ्या.