१०८ टाक्यांची टोपी: परिक्रमेहून आल्यानंतरचं अपडेट

मैत्रिणींनो, दोन महिने काहीच लिहिलं नाही कारण जानेवारीत आम्ही दोघं नर्मदा परिक्रमेला गेलो होतो, बसने, अठरा दिवस. पायी करायची इच्छा फार होती पण ह्यांच्या गुडघ्यांनी नाही म्हटलं, आणि पोस्टातली चौतीस वर्षं संपवून रिटायर झाल्यावरची ही आमची पहिली मोठी यात्रा, त्यामुळे जसं जमेल तसं पण जायचंच ठरवलं. आता परत येऊन घडी बसली आहे, तर वाटण्यासाठी विणायला घेतलेल्या टोप्यांचं कुठवर आलं ते सांगते.

दिवाळीनंतर मी मुलांच्या टोप्या करायला घेतल्या होत्या हे माहितीच आहे तुम्हाला. थंडीत सारसबागेतल्या गणपतीला स्वेटर आणि कानटोपी घालतात ना, दरवर्षी ते बघून आले की घरी आमच्या बाळकृष्णालाही एक छोटा स्वेटर होतो, १२ नंबरच्या सुईवर (नंबर जितका मोठा तितकी सुई बारीक) २४ टाके, उरलेल्या लोकरीतून. यंदा तो घालताना मनात आलं की नर्मदेच्या किनाऱ्यावरच्या पोरांसाठीही काहीतरी न्यावं. म्हणून ४५ टोप्या. ८ नंबरची सुई, तुळशीबागेतली मऊ अॅक्रिलिक, १० सेंमीला २२ टाके, मुलांसाठी ९६ टाके, खाली १० नंबरवर दोन सुलट दोन उलट अशी पाच सेंमी रिब, म्हणजे ताणणारा काठ. सगळ्या गोल सुईवर केल्या, म्हणजे शिवण न घालता गोल गोल विणत जायचं. गोल सुई मला सूनबाईने शिकवली, जर्मनीत तिच्याकडे तीन महिने होतो तेव्हा. तिकडे मोज्यांची लोकर वेगळीच मिळते, पाऊण भाग लोकर आणि पाव भाग नायलॉन, १०० ग्रॅमच्या एका गुंड्यात एक जोडी होते आणि पट्टे आपोआप पडत जातात, मी वेडीच झाले होते ते बघून. असो, मोज्यांचं नंतर.

पहिल्या चौदा टोप्या मला पुन्हा कराव्या लागल्या. टाके घट्ट घातले गेले होते, विणताना कळलं नाही, वरचा भाग छान ताणत होता पण काठ ताणायलाच तयार नाही, लेकीच्या मुलाला घालून बघितली तर कपाळावर लाल वळ उठला. सगळ्या उसवल्या. सुरुवातीकडून उसवता येत नाही त्यामुळे पूर्णच उसवाव्या लागल्या, पण देवाच्या वाटेवर द्यायची वस्तू कपाळाला टोचणारी कशी देणार? तेव्हापासून दोन सुया एकत्र धरून टाके घालते आणि मग एक काढून घेते, काठ सैल राहतो. आणि एक मनापासून सांगते, वाटायच्या टोप्या म्हणून घरातली खरखरीत, उरलेली, तीन रंगांच्या गाठी मारलेली लोकर संपवू नका. नातवाला जी लोकर घेऊ तीच घ्यावी. धुवायला सोपी हवी म्हणून अॅक्रिलिक, कारण तिकडे कोण हाताने सांभाळून, सावलीत आडवं पसरून वाळवत बसणार.

ओंकारेश्वराला संकल्प केला, बाटलीत जल भरून घेतलं आणि निघालो. मैया, म्हणजे नर्मदा, कायम उजव्या हाताला, आणि तिला मध्ये कुठेही ओलांडायचं नाही, बसने गेलात तरी हा नियम पाळायचाच. दक्षिण तटावरून समुद्राकडे जाताना बडवानीच्या पुढे एका आश्रमातल्या मुलांना ३१ टोप्या दिल्या. मुलं एकमेकांचे रंग अदलाबदल करत बसली होती, पिवळ्याला सगळ्यात जास्त मागणी, हे पुढच्या वेळेसाठी लिहून ठेवलंय.

मग समुद्रकाठचं कठपोर. तिथून बोटीने समुद्रातून पलीकडे मीठी तलाईला जायचं, तीच एक जागा जिथे मैया सागराला मिळते म्हणून तट बदलता येतो. बोट भरतीच्या वेळेवर सुटते, आमची पहाटे अंधारात सुटली. वारा असा की शाल धरून ठेवावी लागत होती. बोटीवर मदतीला एक मुलगा होता, सतरा-अठराचा असेल, कानाला पंचा गुंडाळून दोर सांभाळत होता. माझ्या पिशवीत चौदा टोप्या आणि त्याला होईल अशी एकही नाही! सगळ्या लहान मुलांच्या. मी एक ताणून बघितली, डोक्यावर वाटीसारखी बसली. शेवटी माझ्या डोक्यावरची काढून त्याला दिली, तो नको नको म्हणत होता पण मी म्हटलं घे रे बाळा, नर्मदे हर, आणि ह्यांनी आपला मफलर मला दिला. बाटलीतलं थोडं जल सागरात घातलं, सागराचं भरून घेतलं. पण त्या पूर्ण प्रवासात माझ्या डोक्यात एकच, की थंडी काय फक्त मुलांनाच वाजते का? मोठ्या माणसांचा विचारच कसा केला नाही मी.

उत्तर तटावर गरुडेश्वरला आमचा मुक्काम होता. दत्तसंप्रदायातल्या टेंबे स्वामींची (वासुदेवानंद सरस्वती) समाधी आहे तिथे, १९१४ साली त्यांनी तिथेच देह ठेवला, आमच्या सासूबाई सिंधुदुर्गातल्या, स्वामींचं माणगाव त्यांच्याच बाजूचं, त्यामुळे आमच्या घरात दिगंबरा दिगंबरा रोजचंच. सासूबाईंनाच यायचं होतं इथे, त्यांचं राहून गेलं. संध्याकाळी घाटावर बसून त्यांचीच माळ ओढत होते, मांडीवर पिशवी, पिशवीत सुया, आणि मोठ्या माणसाला किती टाके लागतील याचा हिशोब मध्येच मनात येत होता, जप करताना येऊ नये पण येत होता. ४९-५० सेंमी हवेत. २२ च्या मापाने १०८ टाके म्हणजे बरोबर ४९ सेंमी. एकशे आठ! मी माळ हातातच धरून बसले. १०८ ला चाराने भाग जातो म्हणजे दोन सुलट दोन उलट रिब बिनचूक बसते. आणि १२ गुणिले ९, म्हणजे वरचे टाके कमी करायला नऊ भाग, दहा सुलट आणि दोन एकत्र, पुढच्या वेळी नऊ सुलट आणि दोन एकत्र, असं करत शेवटी सुईवर नऊ टाके उरतात, त्यातून दोरा ओवून घ्यायचा. म्हणजे एका टाक्याला एक नाम घेतलं तर एक ओळ म्हणजे एक माळ.

आता यात एक अडचण होती. गोल सुईवर ओळ संपतच नाही, फेरा कुठे सुरू झाला त्या खुणेच्या रिंगवरून पुढे जावं लागतं, आणि माळेचा मेरुमणी आपण ओलांडत नाही, तिथून उलटं फिरतो. मैयाही ओलांडायची नाही. मला काही ते मनाला पटेना. मग लक्षात आलं की साध्या दोन सुयांवर ओळ संपली की आपण काम उलटवून परतच फिरतो की! आईने सायकलच्या स्पोकवर शिकवलं होतं तसंच. म्हणून या टोप्या दोन सुयांवर करते आहे, शिवणीसाठी दोन्ही टोकांना एकेक टाका जास्त, असे ११०, ते दोन टाके जपात धरत नाही. रिब आणि मधला सरळ भाग मिळून साधारण पन्नास ओळी होतात, म्हणजे पन्नास माळा. वरचे टाके कमी करताना पहिल्या चार वेळा फक्त सुलट ओळीत दोन एकत्र, मग प्रत्येक ओळीत, उलट बाजूनेही. त्या भागात मी मोजत नाही, नुसतं नाम घेते.

बसमध्ये तीन झाल्या. खड्ड्यांत दोनदा टाके सुटले, क्रोशाच्या सुईने उचलून घेतले. त्यातली पहिली अमरकंटकला एकट्या पायी चालणाऱ्या एका आजींना दिली, तिथली पहाटेची थंडी काय असते ते मी सांगायला नको, आजींनी टोपी आधी मैयाच्या मंदिराकडे धरली आणि मग घातली, मला बोलताच येईना. दुसरी आमच्या ड्रायव्हरदादांना आणि तिसरी एका स्वयंपाक करणाऱ्या मावशींना. शेवटी ओंकारेश्वराला जल वाहिलं, कढाई म्हणजे सांगतेचा शिऱ्याचा प्रसाद केला, कन्यापूजनाला नऊ मुली होत्या, त्यांना लहान टोप्या दिल्या. पाच उरल्या त्या तिथल्याच पोरांनी नेल्या.

तर आता पुढच्या नर्मदा जयंतीपर्यंत, म्हणजे माघ शुद्ध सप्तमीपर्यंत, १०८ टाक्यांच्या १०८ टोप्या करायच्या आहेत. एकीला साधारण ५५ ग्रॅम धरले तर सहा किलो लोकर लागेल, ह्यांनी वहीत रकाने आखून ठेवलेत, गुंडेही तेच करून देतात. आणि सगळ्या मापांत टाके १०८ च ठेवायचे, बदलायची ती सुई आणि लोकर. मोठ्या डोक्याच्या पुरुषांसाठी जरा जाड लोकर आणि ७ नंबरची सुई, १० सेंमीला २० टाके येतात, म्हणजे ५४ सेंमी, हे करून बघितलं, ह्यांना छान बसली. लहान मुलांसाठी बारीक बेबी वूल १० नंबरवर, २६ टाके आले तर साडेएकेचाळीस सेंमी होईल, दोन-तीन वर्षांच्या बाळाला पुरावी. ती आत्ता सुईवर आहे, रिब झाली, पण धुतल्यावर माप किती सैल होतं ते अजून कळायचंय. कुणी त्या लोकरीत टोपी करून धुऊन बघितली असेल तर नक्की सांगा, रिबला ११ नंबर घ्यायला हवा होता का? एकूण १९ तयार, विसावी चालू.