आठवी फिट

रविवार रात्र, नाशिकरोड

उद्या सकाळी मुंबईला जायला पंचवटी एक्सप्रेस पकडायची आहे, म्हणजे आता झोपायला हवं. पण गुरुवारचं लिहून टाकल्याशिवाय डोळा लागायचा नाही.

संध्याकाळी बंटी माझ्यासमोर पेपर पसरून मेथी निवडत होता. मध्येच त्याचा हात एका काडीवर अडकला. पानं संपली तरी बोटं काडी खुडतच राहिली, ओठ मचमच करायला लागले, नजर फ्रिजच्या खालच्या कोपऱ्यात. मी हाक मारली नाही, तेव्हा त्याला ऐकू जात नाही. घड्याळाकडे बघत बसले. १ मिनिट ४० सेकंद. मग थोडा वेळ बावरलेला, आणि मग एकदम, "ताई, चहा ठेवलास का?" चहा पिऊन अर्धा तास झाला होता.

डायरी ओढून वेळ लिहिली. आणि मनात काय आलं? हुश्श. आठ झाल्या.

मुंबईच्या एका मोठ्या रुग्णालयात अपस्मारावरच्या, म्हणजे बंटीच्या या फिट येण्याच्या आजारावरच्या, नव्या औषधाची चाचणी आहे. त्यात शिरण्याआधी ८ आठवडे नवीन काही द्यायचं नाही, नुसत्या फिट मोजायच्या. निदान ८ भरल्या तरच पुढे. बुधवारपर्यंत सातच होत्या. ज्या घरात आई फिट येऊ नये म्हणून वणीच्या देवीला नवस बोलली, त्याच घरात मी तीन दिवस एक फिट यावी म्हणून वाट बघत होते. हे आईला सांगायची हिंमत नाही.

मोजायचं कारण पटतं तसं. आधी किती हे माहीत नसेल तर नंतर कमी झाल्या हे कशावरून म्हणणार? पुढे कॉम्प्युटर चिठ्ठी काढल्यासारखं ठरवणार, कुणाला औषधाची गोळी आणि कुणाला हुबेहूब तशीच पण औषध नसलेली. आम्हालाही कळणार नाही, डॉक्टरांनाही नाही. जुन्या गोळ्या मात्र चालूच. "माझ्या पोराचा उंदीर करताय का?" हे आईचं पहिलं वाक्य. बंटीनेच तिला समजावलं. कॅमेऱ्यासमोर संमती देताना कोऑर्डिनेटर मॅडमनी विचारलं, मध्येच सोडावंसं वाटलं तर? तो शांतपणे म्हणाला, "सोडता येतं, कारण सांगावं लागत नाही, नेहमीचे उपचार थांबत नाहीत." अठ्ठावीस वर्षांचा माणूस आहे तो, आम्हीच विसरतो.

दोन नीट निवडलेली औषधं पुरेशा डोसमध्ये देऊनही फिट थांबल्या नाहीत, की तो आजार औषधांना दाद न देणारा धरतात. साधारण तीनातल्या एका पेशंटचं असं होतं. बंटीची तीन औषधं झाली. त्यातलं व्हॅल्प्रोएट तर मुळात दुसरी रसायनं विरघळवायला वापरायचे. १९६२ साली फ्रान्समध्ये त्यात विरघळवलेलं जे ते फिट रोखायला लागलं, तेव्हा लक्षात आलं की गुण त्या द्रावाचाच आहे. बंटीला काही तो लागला नाही. लागला तो केस गळण्याचा त्रास.

मला खरी धास्ती वहीची आहे. जर्मनीत बॉनला पेशंटना व्हिडिओ-ईईजीवर (मेंदूतल्या विजेच्या लहरींची नोंद आणि सोबत कॅमेरा) ठेवून त्यांच्याच नोंदी ताडून पाहिल्या होत्या, २००७ साली ते छापून आलं. निम्म्याहून जास्त फिट त्यांनी लिहिल्याच नव्हत्या. लिहिणार कशा, शुद्ध हरपली हेच कळत नाही, आणि झोपेतल्या तर बहुतेक सगळ्या निसटतात. म्हणून वही माझ्याकडे. पण मी तरी रात्री बाजूच्या खोलीत घोरत असते, दिवसा सातपूरला ऑफिसात. कदाचित आठ कधीच्याच झाल्या असतील आणि मी उगीच पापाची धनी झाले.

आत्ता फाइल भरताना तो दारात येऊन उभा राहिला. वही मागितली, गुरुवारची ओळ वाचली.

"मेथी निवडत होतो?"

"हो."

"आठ झाल्या म्हणजे. पास?"

"पास."

"मला वाटलं राहतेय एक," म्हणाला आणि पाच वाजताचा गजर लावायला गेला. तोही मोजत होता तर.